शिडी मी धरली होती

४ ऑगस्ट, सोमवार

बदनापूरहून गाडी वेळेवर. पावणेआठला जालन्यात, साड्यांच्या दुकानात. दुकान उघडायच्या आत राखीची पोस्टरं लावून झाली. एकूण चौदा. दुकानाच्या मधल्या चौकात छत सतरा फूट, तिथली सहा सगळ्यात शेवटी. उत्तमकाका वर, मी खाली शिडी धरून. पंखे बंद, खाली चारी बाजूंनी स्टुलं लावून रस्ता अडवलेला. हूक अडकवायला बाजूला वाकायच्या आधी काका विचारतात, "हात हाय का?" मी म्हणते, "हाय." मंगच वाकतात. सात वर्षं मी त्यांच्यासोबत हे काम करून राह्यले, न विचारता एकदाही वाकले नाहीत.

कंबरेच्या पट्ट्याचं बक्कल तुटलंय. वरच्या पाइपाला अडकवायचा तो पट्टा. मॅनेजर सरांना दुसऱ्यांदा सांगितलं. मागवतो म्हणाले. काकांनी गाठ मारून बांधून बघितला, मंग काढून टाकला. पोट आवळतं म्हणे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उ.का. काल केदारखेड्याला घरी जाऊन आले. मुगाच्या हिरव्या शेंगा आणल्या, माझ्या आईसाठी वेगळी पिशवी. जालन्यात खोली करून राहतात, काकू गावाकडं. आठवड्यातून एक चक्कर. अजून दोन वर्षं, मंग कायमचं घरी, असं म्हणाले. हे चार वर्षांपासून म्हणतायत.

आज नवीन तंगूस आला. पोस्टर ज्याला टांगतो तो नायलॉनचा दोरा. मी गाठ मारली ती त्यांनी सोडायला लावली. "थुंकी लावून ओढा ताई. कोरडी ओढली की आतून कापती. वरून दिसत न्हाई." परत मारली. बराबर म्हणाले.

आईनं रात्रीला शेंगा उकडल्या.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उ.का. पडले.

पावणेदहा. गणपतीची पोस्टरं चालू होती. मधल्या चौकातलं चौथं. शिडी सरकली. दहा फुटांवरून. आधी पायावर आले, मंग बसल्यासारखे झाले आणि मागं कलले. ओरडले नाहीत. दोनदा विचारलं, "माझे पाय कुठं हायेत?" पाय समोरच होते.

सरांच्या गाडीतून दवाखाना. मागच्या सीटवर आडवं टाकलं तेव्हा मान मी धरली. असं उचलायचं नसतं असं दवाखान्यातली सिस्टर म्हणाली. आम्हाला काय माहीत.

संभाजीनगरला न्या म्हणाले.

१३ ऑगस्ट, बुधवार

मणका. उद्या ऑपरेशन.

सुमनकाकूंना पहिल्यांदा बघितलं. उ.का. बोलायचे तेव्हा मला उंच, धिप्पाड बाई वाटायची. बारीकशा आहेत. हातात कापडी पिशवी, त्यात उ.का.चा धुतलेला शर्ट आणि चप्पल. चप्पल कशाला आणली ते त्यांनाही सांगता येईना.

कसं झालं विचारलं. सांगितलं, शिडी सरकली.

"लई उंच होतं का?"

"दहा फूट असंल."

त्यांनी दवाखान्याच्या छताकडं बघितलं. बराच वेळ. मोजून राह्यल्या असतील.

१६ ऑगस्ट, शनिवार

ऑपरेशन झालं. कंबरेखाली जाण नाही. येईल किंवा नाही येणार, आत्ता सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले. किती दिवसांनी सांगता येईल, तेही सांगता येत नाही.

दुकान. मधल्या चौकात तीन पोस्टरं गणपतीची, दोन अजून राखीची. चौथ्याचा एकच कोपरा अडकलेला होता, ते सरांनी खालून ओढून काढलं. बाकीची तशीच. वर चढायला कोणी तयार नाही. गिऱ्हाईक वर बघत नाही. साड्या बघतं, किंमत बघतं, जातं.

मी बघते. दिवसातून किती वेळा.

२० ऑगस्ट, बुधवार

हेड ऑफिसचा माणूस आल्ता. तरुण आहे, नीट बोलला. माझ्यासाठीही चहा सांगितला. पंधरा-वीस प्रश्न. पट्टा दुकानात होता का? हो. त्यांना माहीत होतं का? हो. घातला होता का? नाही. शिडी धरायला माणूस होता का? हो, मी.

आम्ही काम चालू असताना ग्रुपवर फोटो टाकतो, त्यातला त्या दिवशीचा फोटो त्याच्याकडं होता. बोटांनी काकांच्या कंबरेवर मोठा केला. बघा मॅडम, पट्टा नाही.

बक्कल तुटलंय का, असं त्यानं विचारलं नाही. सर शेजारी बसले होते. मीही बोलले नाही.

कागदाच्या खाली लिहिलेलं होतं, कर्मचाऱ्याचा स्वतःचा निष्काळजीपणा. सही केली.

२३ ऑगस्ट, शनिवार

मागं १२ तारखेला लिहिलंय ते पुरं नाही.

शिडी सरकली हे खरं. पण मी धरलेली नव्हती.

सरांचा ग्रुपवर मेसेज आला, काम कुठपर्यंत, फोटो टाका, हेड ऑफिस विचारून राह्यलंय. दोनदा आला. दुकानाचा फोन माझ्या हातात होता, ग्रुपवर नाव दुकानाचंच येतं. म्हणजे एक हात शिडीला, एकात फोन. जवळून छत फोटोत बसेना. मी मागं सरकले. तीन पावलं, चार असतील. स्टुलाला टेकले.

वरून काका म्हणाले, "हात हाय का?"

मी म्हणाले, "हाय."

फोटो निघाला. ग्रुपवर टाकला. मंग मान वर केली तेव्हा शिडीचा एक पाय फरशीवरून फिरत होता.

त्या फोटोत ते सगळं आहे. खालच्या बाजूला शिडीचे चारी पाय दिसतात, शेजारी कोणी नाही. ग्रुपवर एकवीस माणसं आहेत. कोणाच्याही लक्षात आलं नाही. फोटो कोणी काढला हे कोणी विचारलं नाही.

१२ तारखेचं पान फाडणार होते. राहू दिलं. गाडीत बसून लिहून राह्यले, शेजारची बाई वाकून बघतेय.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. दुकानात गर्दी. राखीची दोन पोस्टरं अजून वरच.

३१ ऑगस्ट, रविवार

उ.का.ना घरी सोडलं. केदारखेड्याला नेलं. खोलीतलं सामान काकूंचा भाऊ घेऊन गेला. खोली रिकामी करताना मी होते. एक पलंग, एक गॅस, भिंतीला खिळा मारून हुकांची माळ. दुकानातले जुने हूक, वाकलेले. सरळ करून परत वापरायला ठेवलेले असतील.

भाऊ म्हणाला, ह्याचं काय करायचं? मी घेतले.

७ सप्टेंबर, रविवार

केदारखेडा. जालन्याहून भोकरदनच्या बसनं गेल्ते. आईला दुकानाचं काम म्हणून सांगितलं.

पुढच्या खोलीत खाट. खिडकीतून रस्ता दिसतो. बारीक झालेत. दाढी वाढलेली, पांढरी आहे हे मला माहीत नव्हतं. दुकानात रोज करून यायचे.

काकू त्यांच्यावर चिडून आहेत. माझ्यासमोरच बोलल्या. ह्या वयात वर चढायची काय गरज होती, पट्टा होता म्हणे, बांधायला काय झालं होतं, हेड ऑफिसनं कागद पाठवला त्यात तसंच लिहिलंय, गावातल्या मास्तरनं वाचून दाखवला. सगळं काम करता करता बोलत होत्या. त्यांची कूस बदलली, पाठ पुसली, पावडर लावली, बोलणं चालूच.

उ.का. एवढंच म्हणाले, "सरकली शिडी. व्हतं कधी कधी."

माझ्याकडं बघून म्हणाले का? बघितलं होतं. पण खोलीत तिघंच, कुठंतरी बघणारच.

निघताना काकू रस्त्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही खाली धरून होत्या म्हणून इतक्यावर भागलं. न्हाईतर डोक्यावरच पडले असते." माझा हात दोन्ही हातांत धरला.

बस लवकर आली. बरं झालं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

हेड ऑफिसकडून दोन मोठी खोकी. लांब काठ्या. नळीत नळी, ओढली की वीस फुटांपर्यंत जाते. टोकाला वाकडा आकडा. सोबत छताला कायमच्या लावायच्या दोऱ्या आणि पोस्टर अडकवायच्या पट्ट्या. एक माणूस शिकवायला आला. छतावरच्या दोऱ्या त्याच्या माणसांनी बसवल्या. त्यांनी चाकाचा मचाण आणला होता, चाकांना ब्रेक, चारी बाजूंनी कठडा, डोक्याला हेल्मेट, पट्टे. दुपारपर्यंत झालं.

आता कोणी चढायचं नाही. पोस्टर खाली पट्टीला लावायचं, काठीच्या आकड्यात पट्टी धरायची, वर न्यायची, दोरीच्या फासात सोडायची. दोघांनीच करायचं, एक काठी धरणार, एक लांबून बघून डावं-उजवं सांगणार. खाली रस्ता अडवायचा. एवढंच. शिकायला मला वीस मिनिटं लागली.

महिनाभरापूर्वी आली असती तर, असं सेल्सची मंगल म्हणाली.

शिकवणारा मला म्हणाला, मॅडम, तुमचा हात चांगला बसलाय.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी राखीची आणि गणपतीची काढून नवरात्राची लावली. काठी मी, बघायला मंगल. चौदा पोस्टरं, पाऊण तास. शिडीनं अडीच तास लागायचे.

मान दुखून राह्यली. काकांची मान कधी दुखत नव्हती, ते वर असायचे.

राखीचं एक पोस्टर खाली आणताना उलटलं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं, चौक, खिडकीकडचं, दोन. त्यांचं अक्षर. प्रत्येकावर असतं, कुठं लावायचं ते. मी सात वर्षं बघतेय, आज वाचलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

मंगलनं सहज विचारलं, त्या दिवशी फोटो कोणी काढला होता गं?

मी म्हणाले, आठवत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दुकानाला सुट्टी. आई विहारात गेल्ती, पांढरी साडी, आल्यावर थकली होती. मी भाकरी टाकत होते. तिनं विचारलं, दोन महिने झाले तू जेवताना ताटाकडं बघत नाहीस, काय झालंय?

सांगितलं. तव्यावरची भाकरी जळली.

आईनं जळलेली भाकरी बाजूला काढली, दुसरी स्वतः टाकली. मला वाटलं म्हणेल, तू मुद्दाम थोडंच केलंस. ते म्हणाली नाही. भाकरी उलटता उलटता विचारलं, "त्या माणसाला सांगितलंस का?"

"नाही."

"मंग मला सांगून काय उपयोग?"

५ ऑक्टोबर, रविवार

केदारखेडा. काकू मागच्या अंगणात कपडे धूत होत्या. पाण्याचा आवाज येत होता. मी खाटेजवळच्या खुर्चीत. सांगायचं म्हणून बसमध्ये चार-पाच वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही.

म्हणाले, "काका, त्या दिवशी मी शिडी सोडली होती. फोटो काढून राह्यले होते. तुम्ही विचारलं आणि मी हाय म्हणाले."

खिडकीकडं बघत होते. म्हणाले, "माहीत हाय."

मला कळेना.

"आवाज लांबून आल्ता तुझा. रोज पायापाशी यायचा. त्या दिवशी तिकडं स्टुलाकडून आला." पहिल्यांदाच मला अगं-तुगं म्हणाले. "तवाच कळालं, तू शिडीपाशी न्हाईस."

"मंग वाकलात कशाला?"

"एकच हूक राह्यल्ता."

बाहेर कपडे आपटल्याचा आवाज. दोघंही ऐकत बसलो. मी रडले की नाही आठवत नाही. त्यांनी हात वर केला, माझ्या डोक्यापर्यंत पोचला नाही, खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

मी म्हणाले, हेड ऑफिसला सगळं लिहून कळवणार. बक्कल तुटल्याचं, आणि माझं.

"बकलाचं लिही. ते लिहायलाच पायजे, उद्या दुसऱ्या दुकानात कोणी पडंल. तुझं नको लिहू."

"का?"

"सुमनला कळंल." आवाज खाली आणला. "ती माझ्यावर चिडती, त्याची मला सवय हाय. तुझ्यावर चिडली तर तुला येऊ द्यायची न्हाई. मंग दुकानाचं मी कोणाला विचारू?"

मंग खरंच विचारलं, काठी कशी असते, आकडा कुठल्या बाजूला वळलेला, पट्टी मधोमध नाही धरली तर पोस्टर फिरत असंल ना. फिरतं, मी म्हणाले. मंग पट्टीवर मधोमध खूण करून ठेव, म्हणाले. रंगाची.

माफ केलं असं काही म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

पट्ट्यांवर लाल रंगाची खूण केली. पोस्टर फिरत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

पत्र लिहिलं. तीनदा. पहिल्यात फक्त बकलाचं. वाचून बघितलं, बिलकुल बराबर वाटत होतं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. २० ऑगस्टलाही मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते.

दुसऱ्यात माझंही लिहिलं, पण असं काही फिरवून की शेवटी मलाच कळेना कोण कुठं उभं होतं.

तिसऱ्यात: पट्ट्याचं बक्कल तुटलेलं होतं, मी दोनदा सांगितलं होतं. फोटो मी काढला. तेव्हा शिडी धरलेली नव्हती. धरली आहे असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी निष्काळजीपणा केला नाही.

इंग्रजीत करून पाठवलं. सरांना प्रत.

काकांनी नको सांगितलेलं मी लिहिलं. त्यांना कळवलेलं नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. रागावतील असं वाटलं होतं. दार लावून घेतलं आणि बसून राहिले. म्हणाले, बकलाचं मी हेड ऑफिसला लिहून दिलं नव्हतं, तोंडी सांगितलं, नंतर विसरलो. मेसेज मीच दोनदा टाकला होता.

मंग म्हणाले, हे सगळं आता उघडून काय मिळणार मॅडम, तो माणूस थोडाच उठून चालणार आहे.

मी म्हणाले, त्याच्या बायकोला वाटतं त्याची चूक होती.

ते काचेतून चौकाकडं बघत होते. दिवाळीची पोस्टरं वर.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

हेड ऑफिसचा मेल. पत्र मिळालं, पुन्हा चौकशी होईल, निर्णय होईपर्यंत कामावर राहावं.

निर्णय कसला ते लिहिलेलं नाही. आईला सांगितलं. आई म्हणाली, बरं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. दुकानात पूजा. दरवर्षी उ.का. गल्ल्यापुढं नारळ फोडायचे, एका फटक्यात. यंदा सरांनी फोडला. चार फटके. कोणी हसलं नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

केदारखेडा. फराळ घेऊन गेल्ते, काकूंनी त्यांचा मला बांधून दिला. आईसाठी वेगळा डबा.

उ.का.च्या डाव्या पायाच्या अंगठ्यात मुंग्या येतात म्हणे. दोन दिवस आल्या, काल नाही. काकू तो अंगठा धरून बसल्या होत्या. येतायत का, आता येतायत का? ते म्हणाले, तू दाबून धरल्यावर कशा येतील. काकू हसल्या. पहिल्यांदाच हसताना बघितलं.

मंग माझ्या मागं येऊन बसल्या. केस किती कोरडे झालेत म्हणाल्या, तेल लावून देऊ का. नको म्हणायच्या आत बाटली आणली. लावत लावत बोलत होत्या. त्यांना मूल नाही. मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणाल्या, "सोन्यासारखी आलीस तू ह्या घरात. तू येतीस त्या दिवशी हे दोन घास जास्त खातात."

उ.का. माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातलेली. तेल लावताना घालावीच लागते.

पत्राचं उ.का.ना सांगायचं ठरवून गेल्ते. काकू एकदाही बाहेर गेल्या नाहीत. किंवा मी तेवढा वेळ थांबले नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लग्नसराईची पोस्टरं आली. नवरा-नवरी, लाल. काठीनं वर नेताना नवरीचा चेहरा आधी वर जातो.

मंगल आज म्हणाली, मला माहीत आहे फोटो कोणी काढला. पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी कोणाला बोलणार नाही.

मी म्हणाले, बोलली तरी चालेल. मीच कळवलंय.

ती बराच वेळ पट्ट्या मोजत राहिली. मंग लांबून डावं-उजवं सांगायला लागली, रोजच्यासारखं.

५ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी अकराला सुमनकाकू दुकानात. एकट्या. सात वर्षांत पहिल्यांदा आल्या, आणि आल्या त्या उ.का. नसताना. दारात चप्पल काढून उभ्या होत्या, आत यावं का म्हणून. हाताला धरून आणलं. चौकातल्या बाकावर बसवलं. वर बघितलं त्यांनी, छताकडं. "हितून का?" मी म्हणाले, हो, हितूनच. पुन्हा वर बघितलं आणि नंतर फरशीकडं.

पिशवीतून पाकीट काढलं. हेड ऑफिसचं. उ.का.च्या नावावर, घरच्या पत्त्यावर. फोडलेलं.

"इंग्रजीत हाय. गावात वाचणारी पोरं हायेत, पर हे म्हणले, घरातलं गावात कशाला, ताईकडंच घेऊन जा. तीच वाचंल."

त्यांनी पाठवलं. आतलं बघून पाठवलं का? इंग्रजी वाचता येत नाही त्यांना. पण मागच्या पानावर माझी सही आहे, मराठीत करते मी सही. ती ओळखतात. स्टॉकच्या वहीत रोज बघायचे.

दोन पानं कंपनीची, एक माझं पत्र, प्रत म्हणून जोडलेलं.

वाचायला लागले, मराठीत करून. पहिलं बकलाचं. पट्टा वापरण्यासारखा नव्हता हे आता समोर आलं आहे, आधीच्या कागदात तुमच्यावर ठेवलेला दोष मागं घेत आहोत. हे मी दोनदा वाचलं. काकूंनी विचारलं, "म्हंजे ह्यांची चुकी नव्हती?"

"नव्हती काकू."

पदर तोंडाला लावला. अडीच महिने रोज बोलले मी ह्यांना, म्हणाल्या. अंघोळ घालताना सुद्धा बोलले. रडल्या, पण आवाज न करता, गिऱ्हाईक होतं आजूबाजूला. मी शेजारी बसून राह्यले, हात त्यांच्या पाठीवर. मंगलनं लांबून बघितलं आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला वळवलं.

मंग डोळे पुसले, सरळ बसल्या, आणि म्हणाल्या, "पुढचं वाच."

पुढं लिहिलंय, शिडी धरणाऱ्या कर्मचाऱ्यानं जागा सोडल्याचं स्वतः कबूल केलं आहे, पत्र सोबत जोडलं आहे, त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते पंधरा दिवसांत कळवावं.

काकांचं म्हणणं मला माहीत आहे. ते नको म्हणाले होते. पण पाकीट त्यांनीच पाठवलंय, माझ्याकडं, काकूंच्या हातानं.

मी म्हणाले, काकू, पाणी आणते आधी.

वर स्टोअरच्या खोलीत आलेय. हे उभ्यानं लिहून राह्यले, खोक्यावर वही ठेवून. इथल्या खिडकीतून चौक दिसतो. काकू बाकावर बसल्यात, पाकीट मांडीवर, त्यावर दोन्ही हात. इकडं-तिकडं बघत नाहीत. पुढचं नाही वाचलं तर त्यांना कधी कळणार नाही. वाचलं तर रविवारी केदारखेड्याला…

ग्लास भरलाय. जाते.